रविवारची शिट्टी

चर्चमध्ये दर रविवारी तेच. पाळकसाहेब "प्रार्थना करू या" म्हणतात, माना खाली जातात आणि माइक कुईऽऽ करून किंचाळतो. मग कुणीतरी धावत जाऊन ॲम्प्लिफायरचं बटण पिळतं, नि पुढची पाच मिनिटं मागच्या बाकांवर काही ऐकूच येत नाही.

अहो, दोष माइकचा नाही! स्पीकरचे खोके पुलपिटाच्या, म्हणजे पाळक उभे राहून बोलतात त्या चौथऱ्याच्या, मागे टांगलेत. त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा शिरतो. खोके माइकच्या पुढे आणा, तोंड मंडळीकडे करा. माइक तोंडापासून चार बोटं. जाळी मुठीत धरू नका, त्याने माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो. आणि पेटी, तबला, गायकांचे माइक संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, वेळी चालू कशाला? उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी न होता आवाज वाढवायची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते.

वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आवाज आधीच घुमतोय, त्यात 'एको'चं बटण अर्ध्यावर! शास्त्रपाठात योहान कुठला नि योना कुठला, कळत नाही. नव्या माइकसाठी वर्गणी मात्र दरवर्षी.