मावशीच्या कुलपातलं मेण आणि ‘बंप की’चा फॉरवर्ड

मंगळवारी रात्री साडेनऊला नेरुळच्या माझ्या मावशीचा फोन आला, तोही शेजारणीच्या मोबाइलवरून. दळण आणायला ती खाली उतरली होती. परत आली तर लॅचमध्ये चावीच जाईना. रक्तदाबाची गोळी, मोबाइल, सगळं आत आणि बहात्तर वर्षांची बाई जिन्यावर. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून पोचले, तेव्हा कळलं की दुपारी तिनं स्वतःच लॅचच्या भोकात मेणबत्तीचं मेण सोडलं होतं. का, तर व्हॉट्सॲपवर तसं आलं होतं.

त्या फॉरवर्डचा सारांश असा : ‘बंप की’ नावाची नवी चिनी चावी आली आहे, ती जगातलं कुठलंही कुलूप दहा सेकंदांत उघडते. हल्ली चोर तीच वापरतात. भोकात मेण सोडलं की ती चालत नाही, आपली चावी मात्र चालते. गल्लीतले चावीवाले ही चावी विकतात, त्यांना सोसायटीत घेऊ नका. आणि कुणी छंद म्हणून अशा चाव्या बनवत असेल तर पोलिसांना कळवा, नुसती जवळ बाळगली तरी सात वर्षं कैद.

मी अशा चाव्या घरी बनवते, छंद म्हणून, स्वतःचीच जुनी कुलपं उघडून पाहायला. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. धातूचा तुकडा घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस त्यांचा, कानस धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्यामुळे यातलं खरं काय आणि खोटं काय, हे मला हातानं माहीत आहे.

मेणापासून सुरू करते, कारण माणसाला त्रास त्यानं झाला. लॅचच्या आत छोट्या पितळी पिना असतात, प्रत्येक पिनेच्या डोक्यावर दुसरी पिन आणि वर केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. चावी आत सरकताना या पिना मोकळ्या वरखाली व्हायला हव्यात. गरम मेण आत गेलं आणि थिजलं की त्या जिथल्या तिथे चिकटतात. मग चोराची चावी अडते आणि तुमचीही अडते. मेणाला मालक कोण ते कळत नाही. मी लायटरवर चावी तापवून आत घालायची, वितळलेलं मेण पुसायचं, पुन्हा तापवायचं, असं पाऊण तास केलं तेव्हा दार उघडलं. मावशी एकटी राहते आणि तिची एक चावी शेजारी असते, ती याचसाठी की काही झालं तर कुणीतरी आत जाऊ शकावं. त्या रात्री ती आत पडली असती तर शेजारची चावीही निरुपयोगी होती. हे ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात एकदा तरी कुलूप खोलून पाहिलं आहे का?

आता ‘कुठलंही कुलूप’. बंप की म्हणजे त्याच कुलपाच्या खाचेत बसणारी कोरी चावी, जिचे सगळे दात सर्वांत खोल पातळीपर्यंत कानसलेले असतात. ती ठोकली की काय होतं हे कॅरम खेळलेल्या कुणालाही कळेल. दोन सोंगट्या चिकटून असल्या आणि पहिलीवर स्ट्रायकर बसला की पहिली जवळपास जागीच राहते, दुसरी उडते. खालच्या पिनेला धक्का बसतो, वरची उडी घेते, आणि त्या क्षणभराच्या फटीत कुलूप फिरू शकतं. फिरू शकतं, फिरतंच असं नाही. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेली कुलपं आहेत; काही दुसऱ्या ठोक्याला उघडतात, काहींनी मला आठवडाभर दाद दिलेली नाही.

आणि हे सगळं फक्त पिनांच्या कुलपात. आपल्याकडे दाराला, दुकानाच्या शटरला जी दणकट कुलपं लागतात, नवताल किंवा अलीगढची, त्यांतली कितीतरी लिव्हरची असतात, म्हणजे आत पिनांऐवजी चावीनं उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या. किती लिव्हर ते बहुतेक वेळा कुलपावरच लिहिलेलं असतं. त्यात उडायला पिनांच्या जोड्याच नाहीत, तिथे बंप की म्हणजे नुसता पितळेचा तुकडा. अब्लॉय कंपनीच्या कुलपांसारखी, पिनांऐवजी आत फिरत्या चकत्या असलेली जी कुलपं असतात, त्यांतही ती चालत नाही. म्हणजे मावशीच्या दारावर लॅचशिवाय कोयंड्याला जे लिव्हरचं कुलूप आहे, त्याला या चावीचा धोका मुळातच नव्हता.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करते. पिनांची पुष्कळ साधी कुलपं बंप होतात, म्हणजे अशा ठोक्यानं उघडतात, आणि महाग घेतलं म्हणून सुटका होतेच असं नाही. २००५ साली नेदरलँड्समधल्या ‘टूल’ या कुलूपछंदींच्या संस्थेच्या बॅरी वेल्स आणि रॉप खोंगग्रैप यांनी यावर सविस्तर टिपण लिहिलं, त्यात हेच होतं : नेमक्या मापात घडवलेल्या महागड्या कुलपात पिना इतक्या सहज हलतात की काही वेळा तीच आधी बंप होतात. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच. पण हे जगाला उघडपणे सांगितलं ते छंद करणाऱ्यांनी, ज्यांना फॉरवर्ड चोर म्हणतो त्यांनी. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं चब या इंग्लिश कंपनीचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि ब्रामा या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचं, जे साठ वर्षं कुणाला जमलं नव्हतं, ते सोळा दिवसांत एक्कावन्न तास खपून उघडलं. कुलपांचे दोष असेच बाहेर येतात, कुणीतरी चिकाटीनं बसल्यावर.

‘नवी चिनी’ यावर जास्त लिहीत नाही. या चावीच्या तत्त्वाचं अमेरिकन पेटंट १९२० च्या दशकातलं आहे.

चोर हीच वापरतात म्हणे. वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी आठवा. ‘दरवाजाचा कडीकोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी’ हे वाक्य आपण लहानपणापासून वाचतो. कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला. कटावणीनं जे मिनिटात होतं त्यासाठी खाच जुळणारी कोरी चावी शोधत, दात कानसत कोण बसेल? मावशीच्या दाराचा कोयंडा मी पाहिला : अर्ध्या इंचाचे चार स्क्रू, प्लायमध्ये. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो चावीवाल्यांवरच्या मुद्द्याचा. मावशीच्या सोसायटीच्या गेटवर आता नोटीस आहे, चावीवाल्यांना प्रवेश बंद. जो माणूस कित्येक वर्षं कोपऱ्यावर लोखंडी पेटी मांडून बसायचा, त्याला तिथूनही उठवलं. मंगळवारी रात्री वॉचमन कुणाला बोलावणार होता? कपाटाची चावी बनवून देतो म्हणून घरात शिरायचं, बाईला काहीतरी आणायला आत पाठवायचं आणि दागिने उचलायचे, असे प्रकार झाले आहेत, ते मी नाकारत नाही. पण तो फसवणुकीचा डाव आहे, त्यात बंप की कुठेच नाही. कपाट उघडून घेताना समोरून हलू नका, दागिने आधी बाजूला काढा. त्यासाठी रोज कमावून खाणाऱ्या कारागिराला चोर ठरवायची गरज नाही. कानस आणि पेटी घेऊन बसणाऱ्याला संशयित म्हणायचं, तर माझे बाबाही त्यात येतात.

कायद्याचं बोलायचं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ जरूर वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. सात वर्षांचा तिथे उल्लेख नाही. म्हणूनच माझ्या चाव्या घराबाहेर जात नाहीत. छंदाचे नियम दोनच : कुलूप स्वतःचं हवं, आणि ते वापरातलं नसावं. दुसरा नियम यासाठी, की ठोकून ठोकून कुलूप खराब होतं.

मावशीच्या लॅचचं सिलिंडर, म्हणजे चावी बसते तो भाग, बदललं. कोयंड्याला आरपार बोल्ट घातले, मागून पट्टी लावून. हे लिहिलेलं छापून सोसायटीच्या सेक्रेटरींना देणार आहे. ती नोटीस निघाली नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.