‘कारकुनी’ या शब्दाविषयी, आणि क्लीट बॉयरच्या जून महिन्याविषयी

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतले बेसबॉल संघ न्यूयॉर्क यँकीज आणि कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स यांच्यात फेब्रुवारी १९५७ मध्ये झालेल्या १३ खेळाडूंच्या अदलाबदलीवरील माझ्या लेखाला आपण ‘एक जुना वाचक’ या नावाने दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे: त्या अदलाबदलीतल्या कर्ट रॉबर्ट्सविषयीचे एक विधान अपुरे आहे, दोन संघांतल्या संगनमताचा पुरावा दिलेला नाही, हॅरी चिटीचा गमतीदार किस्सा गाळला आहे, आणि अखेरीस, ‘विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंच्या तारखा जुळवत बसणे हे कारकुनी काम आहे, त्याला इतिहास म्हणू नये.’

रॉबर्ट्सविषयीचा आक्षेप मान्य. १९५४ मध्ये खेळू लागलेल्या रॉबर्ट्सला पिट्सबर्ग पायरेट्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणण्याची प्रथा आहे आणि मी ती डोळे मिटून पाळली. पोर्तो रिकोचा कार्लोस बर्निएर १९५३ मध्येच त्या संघाकडून खेळला होता, हे सांगायला हवे होते. दुरुस्ती करतो. मात्र ती सुचवताना ‘निदान एवढे तरी ठाऊक असावे’ हे शब्द आपण गाळले असते, तरी माहितीत काही उणे पडले नसते.

आता ‘कारकुनी’. मी ३१ वर्षे भूमी अभिलेख खात्यात कारकून होतो, त्यामुळे हा शब्द मला शिवीसारखा लागत नाही. आपण तो शिवीसारखा वापरलात, एवढेच खटकले. जमीन आज कोणाच्या नावावर आहे हे सातबारा पाहून कोणीही सांगेल, पण ती तेथवर कशी आली हे फेरफाराच्या नोंदींतच सापडते. खरेदीखत फेब्रुवारीचे आणि नोंद जूनमधली असेल, तर मधल्या महिन्यांत काय अडले होते, हा प्रश्न कारकुनाला आधी पडतो आणि वकिलाला मागाहून. निवृत्तीनंतर मुलीकडे क्लीव्हलँडला गेलो आणि तेथे बेसबॉलचे जुने व्यवहार वाचू लागलो, तेव्हा नेमका हाच प्रश्न क्लीट बॉयरच्या नावापाशी पडला.

हा व्यवहार जाहीर झाला १९ फेब्रुवारी १९५७ रोजी. त्यात आर्ट डिटमार आणि बॉबी शँट्झ यँकीजकडे गेले, आयर्व नोरेन आणि टॉम मॉर्गन कॅन्सस सिटीकडे आले, आणि काही नावे ‘नंतर कळवू’ म्हणून मोकळी ठेवली गेली. त्यांपैकी बॉयरचे नाव कळवले गेले ४ जून रोजी. आता त्या काळचा नियम पाहा. करारावर सही करताना ४,००० डॉलरहून अधिक बोनस घेणाऱ्या नवख्या खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे, कनिष्ठ संघात शिकायला धाडता येत नसे. बॉयर असाच बोनस घेऊन आलेला. त्याचा पहिला सामना ५ जून १९५५ चा. म्हणजे दोन वर्षे कॅन्सस सिटीच्या बाकावर सरली, मुदत संपताच नाव ‘कळवले’ गेले, आणि यँकीजनी त्याला लगोलग बिंगहॅम्टनच्या कनिष्ठ संघात पाठवले. फेब्रुवारीतच घेतला असता, तर त्यांना स्वतःची एक जागा अडवून बसावे लागले असते. हाच पोरगा पुढे १९६० ते १९६४ अशा पाच वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अजिंक्यपदाच्या लढतींत, त्यांच्या तिसऱ्या बेसवर उभा होता. तारखा जुळवल्या नसत्या, तर यातले काय दिसले असते, ते आपणच सांगावे.

आणि रॉबर्ट्स? त्याच व्यवहारातले दुसरे मोकळे नाव त्याचे होते. ते एप्रिलमध्ये भरले गेले आणि त्यानंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, एकही सामना खेळला नाही. करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडूला मालक बदलता येत नसे, मालकाला मात्र खेळाडू बदलता येत असे. अशा माणसांचे पुढचे मुक्काम ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या क्रीडा साप्ताहिकाच्या कचेरीत कोणी तरी शाईने, आखूड संक्षेपांत, कार्डांवर टिपून ठेवले म्हणून आज सापडतात. ते टिपणारेही कारकूनच होते, महाशय.

संगनमताच्या पुराव्याबद्दल: तो शब्द आपला आहे. मी ‘सोय’ असे लिहिले होते, आणि या दोन शब्दांतला फरक ज्यांना जाणवत नाही त्यांच्याशी वाद घालण्याइतका वेळ निवृत्तालाही नसतो. कॅन्सस सिटीचे मालक अर्नोल्ड जॉन्सन हा संघ विकत घेण्याआधी यँकी स्टेडियमचे मालक होते, एवढे लेखात आहे. ते आपल्या नजरेतून सुटले असावे.

हॅरी चिटीचा किस्सा मी मुद्दाम गाळला. एप्रिल १९६२ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्याला, बदल्यातले नाव ‘नंतर कळवू’ या बोलीवर, न्यूयॉर्क मेट्स या संघाकडे दिले आणि १५ जूनला मेट्सनी त्यालाच परत केले, म्हणून स्वतःच्याच बदल्यात गेलेला खेळाडू अशी त्याची थट्टा होते. ती सगळ्यांना पाठ आहे, आपल्यालाही होतीच.

बर्निएरची ओळ आज रात्री लेखात घालतो. दुरुस्ती सुचवणाऱ्याचे नाव तेथे द्यायची माझी पद्धत आहे. ‘एक जुना वाचक’ असेच छापू, की खरे नाव नंतर कळवता?