सात तास गुणिले तीन लेकरं: ‘परिपूर्ण घरशाळा’वाल्या मेसेजला उत्तर

‘घरशाळेचा परिपूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक पालकाने वाचावा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. बचत गटाच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या आला, कापसाचे भाव टाकतात त्या ग्रुपवरही आला, तोवर मी गप्प होती. पण काल भाचीचा फोन आला. तिला तीन लेकरं, मोठी अकराची, मधला आठचा, धाकटी पाचची. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात शेतातल्या घरी राहतात आणि ती तिघांनाही घरीच शिकवते, बऱ्यापैकी चांगलं शिकवते. तर म्हणे, "मावशी, माह्यावालं तं सगळंच चुकलं वाटते." मेसेज वाचून तिने तीन वेगळी वेळापत्रकं भिंतीवर चिकटवली, मधल्याला एकट्याला मागच्या खोलीत बसवलं आणि मोठीला धाकटीची टीचर करून टाकलं!

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांमधे गेली. एका खोलीत दोन-तीन वर्ग घेऊन बसणं हेच आयुष्यभर केलं, त्यामुळे या विषयावर मला कोणी फॉरवर्डमधून शिकवू नये.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते, ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी. प्रत्येक मुलाला रोज किमान सात तास शिकवा. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना कधीच एकत्र शिकवू नका, मोठ्याची प्रगती थांबते. मोठ्या मुलीला धाकट्यांची टीचर बनवा म्हणजे आईचा भार हलका. तीन वर्षांपासून लिहायला बसवा. घरात फक्त इंग्रजी. शेतात नेऊन वेळ वाया घालवू नका. आणि शेवटी, घरशाळा पूर्ण कायदेशीर आहे, दहावीला काहीच कागद लागत नाही. खाली एक नंबर, त्यावर पैसे पाठवले की ‘मास्टर प्लॅनर’ मिळणार.

आता पहिले दोन मुद्दे एकत्र वाचा आणि गुणाकार करा. एका लेकराला सात तास, एकत्र शिकवायचं नाही, लेकरं तीन. सात त्रिक एकवीस. उरले तीन तास. त्यात भाचीने झोपायचं, स्वयंपाक करायचा, गोठा पाहायचा आणि सासऱ्यांच्या गोळ्या द्यायच्या. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एका तरी लेकराला सलग अर्धा तास पाढे म्हणायला बसवलं आहे का, मला खरंच विचारायचं आहे.

आणि सात हा आकडा आणला कुठून? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याला एक अनुसूची जोडलेली आहे, दीड-दोन पानांची, कोणीही वाचू शकतो. त्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं लिहिलं आहे, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. भागाकार करा. लहानांना दिवसाला चार तास, मोठ्यांना साडेचारच्या आसपास. हे शाळेसाठी आहे, घरासाठी नाही, हे मला माहीत आहे. पण शाळेच्या चार तासांत हजेरी, रांग, तीस-तीस पोरांच्या वह्या तपासणं सगळं धरलेलं असते. घरी आई समोर बसली आहे आणि लेकरू एकच आहे तर आठ वर्षांच्या पोराला भाषा-गणित मिळून दीड-दोन तास पुष्कळ झाले, बाकीचा दिवस तो तसाही शिकतच असतो.

त्याच अनुसूचीत दुसरी गोष्ट आहे जी या मेसेजच्या एकत्र-शिकवू-नका वर सरळ पाणी फिरवते. पहिली ते पाचवी, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वर्ग पाच आणि मास्तर दोन, हे खुद्द कायद्यात गृहीत धरलं आहे. आपल्याकडच्या निम्म्या लोकांनी अशाच शाळेत अक्षरं गिरवली, तुम्हीही त्यातलेच असाल. चौथीचा धडा चालू असताना दुसरीतलं पोट्टं कान टवकारून ऐकत बसते आणि पुढच्या वर्षी त्याला तो धडा अर्धा पाठ असते, हे मी किती वेळा पाहिलं आहे. अर्थात सगळं एकत्र होत नाही. वाचन-लेखन आणि गणित ज्याचं त्याच्या पायरीवर, वेगळंच घ्यावं लागते. पण गोष्ट, कविता, परिसर, विज्ञान, चित्र, हे तिघांचं एकत्र घ्या आणि काम मात्र तिघांना वेगळं द्या.

उदाहरण देते, कारण भाचीने हेच विचारलं. कापूस घरात आला आहे. धाकटी कापसातून पाती-कचरा वेगळा काढते, बोंडं मोजते, दहा-दहाचे ढीग करते. मधला ताणकाट्याला गाठोडं अडकवून किलो-ग्रॅम वाचतो आणि वहीत लिहितो, रिकाम्या फडक्याचं वजन वजा करायचं विसरला तर विसरू द्या, बेरीज जुळली नाही की तोच शोधतो. मोठी हिशोब करते. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, म्हणजे किलोला ८१ रुपये १० पैसे, झाले दशांश. त्यातून वेचणीची मजुरी वजा करायची, गावातला व्यापारी काय देतो ते विचारून फरक काढायचा, शेकडेवारी झाली. एकच गाठोडं, तीन इयत्ता. त्यामुळे शेतात नेऊन वेळ वाया जातो हा मुद्दाही इथेच निकालात निघाला. हातकामातून शिकवायचा विचार तर आपल्याच वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी परिषद भरवून मांडला होता, पुढे झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, आणि आता कोणी तरी मोबाईलवरून वर्ध्याच्याच पोरीला सांगतो की शेत म्हणजे टाइमपास. फक्त एक, वजन करायला लावणं वेगळं आणि दिवसभर वेचायला लावणं वेगळं. अभ्यासाच्या नावाखाली मजूर वाचवू नका.

आता तो मोठ्या मुलीला टीचर करायचा मुद्दा. माझं डोकं खरं इथे फिरलं.

आधी गंमत बघा, दुसऱ्या मुद्द्यात म्हणते एकत्र शिकवू नका, मोठ्याची प्रगती थांबते. तिसऱ्यात म्हणते मोठीलाच शिकवायला बसवा. मग तिची प्रगती थांबत नाही का? हे का लिहावं लागलं ते उघड आहे, एकवीस तासांचं भोक कशाने तरी बुजवायचं होतं, ते पोरीने बुजवलं. आणि ‘मोठ्या मुलीला’ असं लिहिलं आहे. मोठ्या मुलाला नाही. मोठा पोरगा असता तर त्याला स्कॉलरशिपचा अभ्यास दिला असता.

मी भाचीला मोठीच्या गणिताच्या वहीचे फोटो पाठवायला लावले. अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे असलेली, दोन उदाहरणं सोडवलेली आणि तिसरं अर्धवट. त्याच्या पुढच्या पानावर धाकटीला गिरवायला ठिपक्याठिपक्यांचे क, ख, ग. त्याच्या पुढच्याही. मग चार पानं तेच. तिचे अपूर्णांक जागच्या जागी आहेत. अकरा वर्षांची पोरगी, सहावीच्या वयाची, हेच वय असते की गणित हातात आलं तर आलं, आणि आपण तिला बालवाडीची मदतनीस करून ठेवलं. आपल्या गावांत धाकट्याला सांभाळायला म्हणून शाळा सुटलेल्या किती पोरी माझ्या वर्गातून गेल्या, त्यांच्या आया काही दुष्ट नव्हत्या, त्यांनाही भार हलकाच करायचा होता. आता तीच गोष्ट घरशाळेचं गोड नाव देऊन परत आणायची का?

हो, यात एक गोष्ट खरी आहे, मान्य करते. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःचं पक्कं होते. मी स्वतः चौथीच्या पोरांना पहिलीला गोष्ट वाचून दाखवायला लावायची. पण ते दहा-पंधरा मिनिटं, वाचणाऱ्याला आवडते म्हणून, आणि मी त्याच खोलीत. मोठीने धाकटीला रात्री गोष्ट वाचावी, खुशाल वाचावी. पण आईने समोर बसून फक्त मोठीचं घ्यायचं, असा तास-दीड तास दिवसात आधी राखून ठेवा. धाकटी दुपारी झोपते ना, तोच धरा. वेळापत्रक तिथून सुरू करा, बाकीचं त्याच्या भोवती बसवा.

बाकीचं पटापट. तीन वर्षांपासून लेखन: नाही. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, तीन ते आठ हा पायाभूत टप्पा आहे आणि तो खेळ-कृतीतून असावा असं लिहिलं आहे. पाचच्या धाकटीला पोळ्याला मातीचे बैल करू द्या, शिंगं बसवताना बोटांना जो व्यायाम होते तो ठिपके गिरवून होत नाही.

घरात फक्त इंग्रजी: मग आजीशी बोलायचं कोणी? त्याच धोरणात शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं आहे. रोज थोडं इंग्रजी कानावर पडावं, गोष्टी ऐकाव्या, तेवढं बरोबर आहे. वऱ्हाडी बंद करून इंग्रजी येत नाही, घर तेवढं मुकं होते.

मेसेजमधलं वेळापत्रक एक जूनपासून, दहा ते पाच. हे लिहिणारा विदर्भातला नाही एवढं नक्की. आपल्या शाळाही उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात. उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा काय ते करा, मग सुट्टी.

कायद्याचं अर्धं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेला मान्यता दिली असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम १० मधे सहा ते चौदा वयाच्या लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण पालकाला त्यासाठी शिक्षा त्यात ठेवलेली नाही. म्हणून ‘पूर्ण कायदेशीर’ म्हणणाराही थापा मारतो आणि पोलीस येतील म्हणणाराही. उद्या शाळेत परत घालायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, हे लक्षात असू द्या. दहावी बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची, नाहीतर एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाची, तिथे किमान वय १४. पण कागद लागत नाही ही शुद्ध लोणकढी. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेतून काढलं असेल तर टीसी, तिन्हीवर नावाचं आणि जन्मतारखेचं स्पेलिंग सारखं आहे का ते आजच बघून घ्या, फॉर्म भरायच्या आठवड्यात तहसीलला चकरा मारू नका.

आणि तो मास्टर प्लॅनर विकत घेऊ नका. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमधे फुकट आहेत. तिसरीचं आणि सहावीचं उतरवून घ्या, दोन्हीच्या अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवा, पाणी, अन्न, नकाशा असे सारखे विषय दिसतील तिथे पेन्सिलने खूण करा. भाचीला हेच सांगितलं, तिने मोठीकडूनच खुणा करून घेतल्या आणि धाकटीचे ठिपके आता भाची स्वतः काढते.