पंपावरची नारिंगी पट्टी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा संपता संपता मेपलची झाडं निम्मी ओकीबोकी होतात आणि सकाळी अंगणातलं गवत गोठलेल्या दवाने पांढरं दिसतं. आमचं घर अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याच्या उत्तर टोकाला, गावापासून सहा मैल आत. कोकणात मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, जी धांदल असते, ती इथे आता. पापड-कुळथाच्या जागी लाकूड, एवढाच फरक. चार कॉर्ड लाकूड थंडीआधी आडोशाला गेलं पाहिजे. कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी. मेपल, बीच आणि थोडं बर्च. हे सगळं गेल्या हिवाळ्यात पाडलेलं आणि बर्फ वितळल्यावर फोडून उन्हावाऱ्यावर ठेवलेलं. त्याचा ओलावा वीस टक्क्यांखाली यावा लागतो. ओलं लाकूड जाळलं की धुराड्याला आतून डांबरासारखा थर धरतो आणि एखाद्या रात्री धुराडंच पेटतं.

या कामाला चार छोटी इंजिनं लागतात. लाकूड कापायची चेनसॉ, ओंडके फोडायचं यंत्र, बर्फ उडवायचं यंत्र आणि वीज गेली की चालवायचा जनरेटर. शेडला मी अजून मांगरच म्हणतो. तिथे एक अख्खा रविवार यांच्यात जातो. चेनसॉचा एकेक दात गोल कानशीने घासायचा, प्रत्येकाला तेवढेच हात मारायचे, नाहीतर करवत एका बाजूला ओढते. एअर फिल्टर झाडायचा. जे यंत्र आता वसंतापर्यंत लागणार नाही त्याची टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. शिळं पेट्रोल आत राहिलं की त्याचा चिकट राप बसतो, आणि सुईच्या टोकाएवढ्या जेटला, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या भोकाला, बुजायला तेवढं पुरतं.

यंदा हे करताना सारखा दादाचा ग्रासकटर डोळ्यासमोर येत होता.

दादा राजापूर तालुक्यात आमची आंब्याची बाग बघतो. गणपतीच्या आधी बागेतलं गवत काढताना त्याचा ग्रासकटर जाम झाला. मिस्त्रीने उघडून पाहिलं, तर पिस्टनवर उभे ओरखडे, सिलिंडरही गेलेला. मिस्त्री म्हणाला, "तेल कमी घातलंत." दादा पेट्रोलमध्ये तेल झाकणाने मोजून घालतो, दहा वर्षं घालतोय. त्याला ते फार लागलं. फोनवर मला म्हणाला, "मी काय आज मशीन चालवायला लागलो?"

मी त्याला म्हटलं, उरलेली बाटली उजेडात धर. जूनमध्ये कालवलेलं पेट्रोल, प्लास्टिकची बाटली, पावसाळाभर पडवीत, आणि झाकण सैल होतं हे दादा स्वतःच सांगतो. त्याने व्हिडिओ कॉलवर बाटली खिडकीपाशी नेली. वर लालसर पेट्रोल, मध्ये स्वच्छ रेघ, आणि तळाला दोन बोटं बिनरंगाचं पाणीदार काहीतरी. लाल रंग टू-टी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये कालवलेल्या तेलाचा. म्हणजे तेल सगळं वरच्या थरात राहिलं होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे उसा-मक्यापासून केलेलं अल्कोहोल, मिसळलेलं असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, पाण्याशी मिसळतं, आणि पाणी एका हद्दीपलीकडे वाढलं की दोघं मिळून पेट्रोलला सोडून तळाशी बसतात. ग्रासकटरची नळी टाकीच्या तळातून ओढते. त्या थरात तेल जवळपास नसतंच, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलमधल्या तेलातून. पिस्टन कोरडा घासला जातो.

भारतात २०२५मध्ये इथेनॉलवर एवढं बोललं गेलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट २०३०चं होतं, ते त्याच वर्षी गाठलं. मग जुन्या गाड्यांचं मायलेज, विमा, वॉरंटी यांवर वाद झाले. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. हे सगळं मी रोज वाचत होतो. पण गाडीवाल्यांच्या या भांडणात ग्रासकटर, पॉवर टिलर, फवारणीचा पंप यांचं नाव माझ्या कानावर आलं नाही. खरं तर या मिश्रणाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच. आजच्या गाडीचा संगणक धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करतो. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं आणि इंजिन तापतं. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगतात किंवा ताठरतात. शिवाय ही यंत्रं वर्षातले आठ महिने कोपऱ्यात पडून असतात, तेही कोकणातल्या हवेत.

अमेरिकेतही हा वाद होऊन गेला आहे. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. २०१० आणि २०११मध्ये पंधरा टक्क्यांना परवानगी मिळाली, पण फक्त २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी. मोटारसायकली, बोटी, चेनसॉ, गवत कापायची यंत्रं यांना ते कायद्याने बंद, आणि तसं ते विकणाऱ्या पंपावर नारिंगी पट्टीवर लिहावं लागतं. माझ्या शेजाऱ्याने मी इथे राहायला आल्यावर पहिल्या शरदात ती पट्टी बोटाने दाखवली होती. छोट्या यंत्रांना आमच्या भागातल्या काही पंपांवर इथेनॉल नसलेलं पेट्रोल वेगळं मिळतं, महाग असतं, आणि लोक कॅन भरून नेतात.

हे अमेरिकेच्या कौतुकासाठी लिहीत नाही. इथली मक्याची लॉबी आपल्या साखर लॉबीएवढीच जोरकस आहे. पंधरा टक्क्यांच्या विरोधात मोटारी, बोटी आणि छोटी यंत्रं बनवणारे कोर्टात गेले आणि २०१२मध्ये हरले. इथेनॉल थांबलं नाही. पट्टी मात्र राहिली.

माझा मेहुणा शिरोळचा, ऊस करतो. त्याच्याशी मी हे बोललो तेव्हा तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "भाऊजी, इथेनॉल आल्यापासून बिलं जरा वेळेवर मिळतात. तुम्ही आता त्याच्यावरच उठलात का?" त्याचं दुखणं खरं आहे. कायद्याने एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, चौदा दिवसांत द्यायची, आणि थकबाकीसाठी लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर बसलेत. इथेनॉल बंद करा असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. पण दादाच्या ग्रासकटरला हंगामात लागतं ते किती? वीस-पंचवीस लिटर. असे सगळे ग्रासकटर आणि पंप धरले तरी दुचाकी-मोटारींच्या पेट्रोलपुढे ते किरकोळ. तेवढ्यासाठी तालुक्याच्या एखाद्या पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवलं, तर शिरोळच्या उसाचं काही बिघडत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल ठेवावं असं सुचवलेलं होतं. त्याचाच आधार घेऊन बागायतदारांच्या संघांनी आणि कृषी विभागाने ही मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. आणि पेट्रोल येईल तेव्हा येवो, पट्टी उद्या लागू शकते: टक्के किती, आणि कशात घालू नये. दादा जातो त्या पंपावर टक्क्यांचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. दहा वर्षं मोजून तेल घालणाऱ्या माणसाला मिस्त्रीसमोर खाली मान घालावी लागली, ती हे कुणी न सांगितल्यामुळे.

तोवर दादाला मी माझीच पद्धत सांगितली. दोन आठवड्यांत संपेल एवढंच कालवायचं. पत्र्याचा घट्ट झाकणाचा कॅन, त्यावर तारीख. दिवाळीला काम संपलं की टाकी रिकामी, कार्बोरेटर कोरडा. आणि एक परीक्षा: मापाच्या खुणा असलेली काचेची नळी किंवा अरुंद बाटली घ्यायची, शंभर मिलीलिटर पेट्रोल, तेल न घालता, त्यात दहा मिलीलिटर पाणी. हलवून दहा मिनिटं ठेवायचं, आसपास विस्तव नको. इथेनॉल नसेल तर तळाला दहाच राहतं. असेल तर ते पाण्यात उतरतं आणि तळाचा थर तेवढा वाढतो. माझ्याकडच्या पेट्रोलला रेघ वीसच्या आसपास आली.

दादाने शाळेतल्या मास्तरांकडून काचेची नळी मागून आणली आणि पडवीत परीक्षा केली. रेघ तिसाच्या जरा खाली थांबली. त्याने नळीचा फोटो मला पाठवला, आणि मी न सांगता शिरोळलाही पाठवला.