तुमचं शहर सेफच आहे, फक्त तक्ता नीट वाचा

शहर सेफ आहे की नाही हे रात्री साडेअकराला एसटी स्टँडवरून घरी चालत येताना कळतं, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. ते ठरतं फॅमिली ग्रुपवर, रविवारी सकाळी, नागपूरच्या आतेभावाने पुण्याच्या कोयता गँगची बातमी टाकली आणि पुण्याच्या मामांनी "तुम्ही तर बोलूच नका" म्हणून सुरुवात केली की. या भांडणात हरायचं नसेल तर मी सांगतो तसं करा. आपलं शहर राज्यात नंबर एक सेफ आहे हे सिद्ध करायला शहरात काहीच करावं लागत नाही, दिवे लावा, गस्त वाढवा, सीसीटीव्ही चालू आहेत का बघा असली कटकट नाही, आकडा कुठून धरायचा आणि कुठे सोडायचा एवढं जमलं की झालं.

तर मुख्य हत्यार म्हणजे एनसीआरबी, नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो. १९८६ साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं ब्युरो, देशभरातल्या पोलिसांकडनं आकडे गोळा करतं आणि जाडजूड अहवाल काढतं. तो कुणी वाचत नाही आणि उल्लेख मात्र सगळे करतात, त्यामुळे तुम्हालाही वाचायची गरज नाही. त्यात २० लाखांवरच्या शहरांचा वेगळा तक्ता असतो, एकूण १९ शहरं, आणि महाराष्ट्रातून तीनच: मुंबई, पुणे, नागपूर. तुम्ही नाशिकचे, सोलापूरचे, कोल्हापूरचे असाल तर अभिनंदन, तुमचं काम आपोआप झालं. "तक्ता काढ आणि आमच्या गावाचं नाव दाखव" एवढं टाइप करायचं आणि चहाला उठायचं. २०११ ला लोकसंख्या कमी भरली म्हणून नाव नाहीये, हे शोधून काढणं समोरच्याचं काम.

मुंबईकरांना थोडा भागाकार यायला हवा. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीतली मुंबई आहे साधारण १ कोटी २४ लाखांची, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, बदलापूर असं सगळं धरून जो सलग नागरी पट्टा होतो तो १ कोटी ८४ लाखांचा. आता गुन्हे घ्यायचे फक्त मुंबई पोलिसांच्या हद्दीतले आणि भागायचं १ कोटी ८४ लाखांनी. बदलापूरकराला लोकलमध्ये चौथी सीट मिळत नाही, पण भागाकारापुरता तो पक्का मुंबईकर. दर, म्हणजे लाख माणसांमागे किती गुन्हे तो आकडा, बसल्या जागी तिसऱ्या हिश्श्याने खाली, एक हवालदार जागचा न हलवता.

पुणेकरांनी याच्या बरोबर उलट ओरडायचं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे शहरांचे दर अजून २०११ च्या डोक्यांवर काढतात, आणि तेव्हापासून खराडीकडे जी माणसं येऊन राहिली ती त्या भागाकारात कुठेच नाहीत. त्यांची बाइक चोरीला गेली की ती मात्र वर मोजली जाते. म्हणजे माणूस हिशेबात नाही पण त्याची बाइक आहे. हा मुद्दा खरा आहे, एकदम खरा, आणि तरीही तो फक्त हरायला लागल्यावरच काढायचा.

नागपूरवाल्यांना वर्षानुवर्षं क्राइम कॅपिटल क्राइम कॅपिटल ऐकावं लागतंय, त्यांच्यासाठी खास टिप. तुम्ही दराबद्दल बोलूच नका, एकूण आकड्याबद्दल बोला. दर काढतात लाखामागे, तक्त्यात नागपूर आहे २५ लाखांचं, म्हणजे वर्षात २५ खून जास्त पडले की दर एकाने चढतो. मुंबईचा दर एकाने चढायला १८४ खून जास्त व्हावे लागतात. दोन टोळ्यांची एका उन्हाळ्यात जुंपली तर नागपूरचा आलेख थेट छपराला टेकतो, तेवढ्याच खुनांनी मुंबईच्या आलेखावर सुरकुतीसुद्धा पडत नाही. मुंबईकर अर्थात दर सोडून काही बोलणार नाही, त्याला बोलू द्या, तुम्ही एकूण खून किती ते विचारत राहा, तासभर आरामात जातो.

आणि दर, एकूण, काहीच साथ देत नसेल तर हद्द बदला. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. भोसरी, निगडी, वाकड, हिंजवडी हे सगळं पुणे शहराच्या रजिस्टरमधनं उचलून नव्या रजिस्टरमध्ये गेलं. आयुक्तालय गरजेचं होतं हो, त्यावर वाद नाही, पण त्यानंतर तुम्ही २०१७ चा आणि २०१९ चा पुणे शहराचा आकडा शेजारी शेजारी ठेवलात तर केवढी सुधारणा दिसेल! त्याबद्दल कुणाचा तरी सत्कार करा. २०२० मध्ये मीरा-भाईंदर वसई-विरारचंही असंच वेगळं झालं, तेव्हा तिकडच्यांनीही हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी नीट समजून घ्या. तक्त्यात गुन्हे नसतात, नोंदवलेले गुन्हे असतात. अहवाल काढणारे स्वतःच सुरुवातीला लिहून ठेवतात की गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंद वाढणं वेगळं. ते पान फॉरवर्ड करू नका, फार घोळ होतो.

ही नोंद कशी होते ते बघायचं असेल तर मोबाइल चोरीला गेल्यावर चौकीत जाऊन बघा. कुठल्याही. आत टेबलामागे ठाणे अंमलदार, समोर एक पाय हलणारा बाक, बाकावर आधीच तीन जण. तुमचा नंबर येतो. "चोरीला गेला." "कुणी घेतला?" "माहीत नाही ना साहेब, गर्दीत होतो, खिशात होता, उतरलो तेव्हा नव्हता." "म्हणजे घेताना कुणाला बघितलं नाही." "नाही." "मग चोरीला गेला कशावरून म्हणता, पडला असेल." तुम्ही खिशाला मारलेलं ब्लेड दाखवता, तो खिशाकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि एकदम मायेने सांगतो की हे बघा, चोरी लिहिली तर पंचनामा आला, जबाब आला, कोर्टात तारखा आल्या, तुम्हाला ऑफिसमधनं सुट्टी मिळणारे का, त्यापेक्षा गहाळ लिहू, दाखला लगेच मिळतो, सिमकार्ड आजच चालू होईल. आणि तुम्हाला सिमकार्डच हवं असतं. ओटीपी अडकलेत. तुम्ही सही करता. झालं, एक गुन्हा गेला आणि एक वेंधळा नागरिक वाढला, आणि वेंधळ्या नागरिकांचा दर लाखामागे कुणी काढत नाही.

सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात अशाची, माहिती आली की एफआयआर घ्यायचाच, ती खरी की खोटी ते नंतर बघा. तुम्ही हे चौकीत बोलून दाखवणार असाल तर तुम्हाला आपल्या शहराबद्दल प्रेम नाही असं मी समजेन. उलट नव्या भारतीय न्याय संहितेची मदत घ्या, १ जुलै २०२४ पासून ५ हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्रच आहे. तेव्हा शहराचा अभिमान असणाऱ्याने गर्दीत जाताना साडेचार हजारांचाच फोन न्यावा.

लोकलमध्ये फोन गेला तर आणखी मजा. ते लोहमार्ग पोलिसांकडे, त्यांचं आयुक्तालयच वेगळं. फोन दादर आणि माटुंग्याच्या मध्ये गेला, घेणारा मुंबईचा, गमावणारा मुंबईचा, पण शहर पोलिसांच्या रजिस्टरला त्याचा पत्ता नाही, कारण तुम्ही तेव्हा रुळांवर होता.

बरं, नोंद कमी करून शहर सेफ होतं तसं काम करून शहर बदनाम होतं, हे विसरू नका. एखाद्या नव्या साहेबांनी येऊन मटक्याचे अड्डे, गावठी दारू, जुगार यांच्यावर धाडी टाकायला सुरुवात केली की विशेष आणि स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे भराभर वाढतात, कारण यातला बहुतेक गुन्हा धाड पडली तरच नोंदला जातो. धाडच नाही तर मटका खेळणाऱ्याने स्वतः येऊन तक्रार द्यायची का? म्हणून आकडे गोड हवे असतील तर झोपाळू साहेब मागा. याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे २०२०. सगळा देश घरात बसलेला, आणि नोंदवलेले गुन्हे वाढून ६६ लाखांवर गेले. सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेतल्या कलम १८८ चे गुन्हे, २०१९ मध्ये २९ हजारांच्या आसपास होते ते २०२० मध्ये ६ लाख १२ हजार झाले. मास्क न लावता दूध आणायला गेलेले लोक असे त्या वर्षी गुन्हेगारीच्या आलेखात जाऊन बसले. तुमच्या विरोधकाच्या शहराचं कुठलं वर्ष घ्यायचं हे आता तुम्हाला कळलं असेल.

गुंडांकडूनही थोडं सहकार्य लागतं. एका घटनेत घरफोडी, मारहाण आणि खून असं सगळं झालं तरी एनसीआरबी मोजताना त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा धरतं. तेव्हा काम एका फेरीत उरकणारा गुंड शहराला परवडतो, हप्त्याहप्त्याने करणारा नाही. आणि फारच डोईजड झाला तर तडीपार आहेच. महाराष्ट्र पोलीस कायद्यात दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर हाकलायची सोय आहे. हाकललेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन भजन करत बसतो असं धरून चालायचं, आणि तिकडचा तडीपार आपल्याकडे येऊन राहिला असेल हा विचार मनात आणायचा नाही.

बायकांच्या सुरक्षिततेवर तर प्रत्येकाला मत आहे, विशेषतः पुरुषांना. "आमच्याकडे रात्री बारालाही मुली बिनधास्त फिरतात" हे वाक्य पाठ करून ठेवा, ते मुंबई, पुणे, नागपूर, तिन्हीकडे चालतं आणि मुलींना विचारून म्हणायची पद्धत नाही. इथे एक अडचण आहे, आणि ती मी हळूच सांगतो. त्याच अहवालात दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या दहांतल्या नऊहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या निघाल्या फक्त १४ टक्के, त्यातही बहुतेकींनी मागितली ती माहेरी, पोलिसांकडे नाही. म्हणजे शहर सेफ आहे का हे विचारताना आपण अंधाऱ्या गल्लीकडे बोट दाखवतो आणि आकडे फ्लॅटच्या दाराकडे. तुम्ही गल्लीकडेच दाखवत राहा. मुलीला संध्याकाळी सातच्या आत बोलवा, दार लावून घ्या, कडी घाला, म्हणजे जे व्हायचं ते घरातल्या घरात आणि तक्त्याच्या बाहेर होईल.

मरणाबद्दल बोलायचं झालं तर २०२२ मध्ये देशात खून झाले २८,५२२ आणि रस्त्यावर माणसं मेली १,६८,४९१. जवळजवळ सहापट. पण तुमच्या शहरात फ्लॅट घेणारा माणूस "इथे मर्डर होतात का" विचारतो, "इथे डंपर उलट्या बाजूने येतो का" हे विचारत नाही, आणि विचारतो तेही हेल्मेट हँडलला अडकवून. त्याला सोसायटीचं गेट दाखवा, वॉचमन दाखवा, वॉचमन जागा असेल अशा वेळी दाखवा.

कधीतरी आकडे खरोखरच तुमच्या विरोधात जातील, तेव्हा तारीख बघायची. २०२२ चा अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये, २०२३ चा आला सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. म्हणजे तुम्ही आज ज्यावरून मामांशी भांडताय ती दोन-तीन वर्षांपूर्वीची परिस्थिती आहे. आकडा चांगला असेल तर "सरकारी आकडेवारी सांगते", वाईट असेल तर "अरे तो जुना डेटा आहे". तेवढ्यानेही भागलं नाही तर परदेशी वेबसाइटवरची सेफ्टी इंडेक्सवाली यादी आहेच, तिथे दर्शनी भागात नंबर असतो आणि आत लोकांनी घरबसल्या क्लिक करून दिलेली मतं असतात. तुम्हीही क्लिक करा, भाच्यांनाही करायला लावा.

शेवटची विनंती, शहरासाठी. तुमच्याकडे चोरी झालीच तर ऑनलाइन तक्रार देता येते, हद्दीचा प्रश्न आला तर कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो, पैसे ऑनलाइन गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो, एफआयआरची कॉपी फुकट मिळते, आणि ठाण्यात घेतलाच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते. यातलं काही करू नका, शेजाऱ्यांना तर मुळीच सांगू नका, एका सोसायटीतल्या वीस जणांनी एकदम मनावर घेतलं तर पुढच्या अहवालात मामा आपल्या पुढे जातील.