भाजल्यावर अंडं फोडण्याआधी…

‘भाजलं की आधी हात गार पाण्याखाली धरा, मग अंड्याचा पांढरा बलक चोपडा. अग्निशामक दलाच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात. त्यात नैसर्गिक कोलॅजन असतं. दहा दिवसांत नवी कातडी येते, डागही राहत नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

अग्निशामक दलाचं नाव वजन वाढवायला घातलंय, ते सोडून देऊ. जागतिक आरोग्य संघटना भाजलेल्या जागी तेल, लेप, बर्फ काहीच लावू नका म्हणते. त्या यादीत आपली हळदसुद्धा आहे.

कोलॅजन म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन. त्याचं म्हणाल, तर पांढऱ्या बलकात सुमारे 90 टक्के पाणी आणि उरलेल्यात बहुतेक अल्ब्युमिनसारखी प्रथिनं. कोलॅजन असतं ते कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यात. आणि बलकात असतं तरी वरून चोपडलेल्या कोलॅजनची कातडी होत नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला हा जंतू मात्र येऊ शकतो, आणि जंतू अडवणारी कातडी तर तिथे जळालेली असते.

आता ते दहा दिवस. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात तिलापिया माशाच्या निर्जंतुक केलेल्या कातडीचं ड्रेसिंग नेहमीच्या चांदीयुक्त मलमाशी ताडून पाहिलं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरवर भाजलेले 115 रुग्ण होते. मलमवाल्यांच्या जखमा सरासरी 10.2 दिवसांत भरल्या, माशाच्या कातडीवाल्यांच्या 9.7 दिवसांत. खरा फायदा वेगळाच निघाला: ड्रेसिंग कमी वेळा बदलावं लागलं. म्हणजे वरवरचं भाजणं दहाएक दिवसांत भरतंच. अंड्याला श्रेय कशाचं द्यायचं?

मेसेजमधलं कामाचं वाक्य पहिलंच आहे, आणि नेमकं तेच लोक घाईत उरकतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी भाजलेल्या 2,495 मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या जखमेवर 20 मिनिटं वाहतं गार पाणी सोडलं होतं, त्यांच्यात त्वचारोपण लागण्याची शक्यता 40 टक्क्यांहून अधिक कमी आढळली. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत हा उपाय कामी येतो. वीस मिनिटं म्हणजे घड्याळ लावून वीस मिनिटं. नळाखाली हात घालून काढला, असं नव्हे.

‘डॉक्टरांना घरगुती उपायांचं वावडंच,’ असंही कुणीतरी खाली लिहितंच. हे मुंबईबद्दल तरी खोटं आहे. डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर बसवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि मग जखमेवर ठेवायच्या. सालीतल्या बुचासारख्या थरामुळे ओलावा टिकतो, जखम कोरडी पडत नाही. पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग याच सालीच्या तुलनेत तपासलं. 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली, केळीचं पान अधिक स्वस्त.

या संशोधनाची शेपटी धरून ‘कच्चा बटाटा किसून लावा’ असा दुसरा मेसेज कुणी पाठवलाच, तर त्याला एवढंच विचारा: साल उकडली कुणी, निर्जंतुक केली कुणी, आणि जखम किती खोल आहे ते पाहिलं कुणी?