सागवान नाही तर छंद सोडा? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

हौसेने सुतारकाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मथितार्थ असा: ठाणे-नवी मुंबईत छोट्या कामासाठी परवडणारं लाकूड मिळतच नाही. वखारवाला एक-दोन फळ्यांच्या गिऱ्हाइकाला उभं करत नाही. साग परवडत नाही, आणि साग सोडून सगळं लाकूड किडतं. प्लाय घ्यायचा तर मरीनच (पाण्यात टिकणारा), आणि आयएसआय शिक्का दिसला की डोळे मिटून. पॅलेटचं, म्हणजे माल रचून हलवायच्या फळ्यांच्या चौकटींचं, लाकूड विषारी. फुकट हवं असेल तर पावसात पडलेली झाडं उचला. आणि शेवटी सल्ला: ऑनलाइन रंधा मारून तयार केलेल्या फळ्या मागवा, नाहीतर छंद सोडा.

हा मेसेज लिहिणाऱ्याने अख्ख्या फ्लॅटचं फर्निचर डोळ्यांसमोर ठेवलेलं दिसतं. स्टूल, ट्रे, चपलांची मांडणी करणाऱ्याला लागतात तुकडे, आणि लाकडाच्या धंद्यात तुकडा हाच सगळ्यात स्वस्त माल असतो.

वखारीपासून सुरुवात करू. तिथे जाऊन ‘एक आठ फुटी फळी द्या’ म्हटलं तर कपाळाला आठ्या पडणारच. गठ्ठा सोडायचा, फळी ओढून काढायची, मोजायची, आणि मागे उभा असतो टेम्पो भरणारा कंत्राटदार. पण चिरकाम होतं तिथे दोन-तीन फुटांचे शेंडे, एका कडेला पांढरा भाग आलेले किंवा मध्ये गाठ असलेले तुकडे कोपऱ्यात पडून असतात. चौकटी-दरवाजांच्या कामाला ते निरुपयोगी असतात. ‘तीन फुटांखालचा तुकडा माल आहे का?’ असं विचारा, दुपारी गर्दी ओसरल्यावर विचारा, आणि हातात मापांची यादी असू द्या.

यादीवरून हिशोबही कळतो. एका स्टुलाचाच करून बघू. लाकूड घनफुटावर विकतात, एक घनफूट म्हणजे १७२८ घन इंच. बारा बाय बारा इंचांची, इंचभर जाड बैठक १४४ घन इंच. दीड इंची चौरस, अठरा इंच उंचीचे चार पाय १६२. अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड, दहा इंच लांब अशा चार आडव्या पट्ट्या ७५. एकूण ३८१, म्हणजे पाव घनफूटही नाही. रंधा मारताना आणि कापताना जाणारं धरून ०.३ घनफूट घ्या. समजा सागाचा दर घनफुटाला ४००० रुपये असला, तरी स्टुलाचं लाकूड १२०० रुपयांचं झालं, तेही तुकडा माल न शोधता. मेसेजमध्ये ‘साग परवडत नाही’ हे वाक्य आहे, पण किती लागतो याचा आकडा कुठेच नाही.

जुन्या सागाचा तर त्यात उल्लेखच नाही. नौपाडा, पाचपाखाडीत जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत, वाशीच्या सिडको वसाहतींतही तेच चाललंय. इमारत पाडणारे कंत्राटदार दाराखिडक्यांच्या चौकटी वेगळ्या काढून विकतात. चार बाय अडीच इंची चौकट उभी चिरली की स्टुलाचे पाय निघतात, आणि वर्षानुवर्षं घरात राहून मुरलेलं हे लाकूड नव्या ओल्या फळीसारखं वाकत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळा. रंध्याखाली किंवा करवतीखाली घेण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा, कारण खिळ्याने मशीनचं पातं खराब होतं. आणि जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो घरात कोरडा घासू नका.

‘साग सोडून सगळं किडतं’ हे वाक्य तर सागालाही लागू पडत नाही. टिकतो तो सागाचा गाभा, सालीजवळच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. उलट रबरवुडला (रबराच्या झाडाच्या लाकडाला) कीड रोखणारी बोरॉनची प्रक्रिया नीट झाली असेल तर घरातल्या वस्तूंना ते चांगलं, फक्त बाल्कनीत ठेवू नका. शिवणीचं लाकूड हलकं आणि हवेप्रमाणे कमी फुगणारं-आकसणारं. आंबा स्वस्त, पण प्रक्रिया न केलेला घेऊ नये. बाभूळ जड आणि चिवट, हत्यारांच्या मुठींना उत्तम, पटाशीची धार मात्र खातं. स्टीम बीच (वाफ दिलेलं बीच झाडाचं लाकूड) दिसायला देखणं, पण आपल्या पावसाळ्यात फुगतं आणि मार्चनंतर आकसतं, म्हणून रुंद फळी चौकटीत चिकटवून टाकू नका, तिला हलायला जागा ठेवा.

आणि ‘बर्मा टीक’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी एवढं आठवा, की म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारातला बराच साग आज घाना, इक्वेडोरसारख्या देशांतल्या लागवडीतून येतो. तो वाईट नसतो, फक्त त्याला बर्म्याचा भाव देऊ नये.

आता प्लाय. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय. त्याचे थर फिनॉलच्या डिंकाने चिकटवतात आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. पुस्तकांच्या मांडणीला कोणी तीन दिवस उकळत नाही. सिंकखाली, बाथरूमच्या दाराशी मरीन घ्याच. अधूनमधून ओल येईल असं वाटतं तिथे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) आणि कोरड्या खोलीत एमआर (दमटपणा सोसणारा) पुरतो. मांडणीला खरा धोका वाकण्याचा असतो. तीन फुटी फळीला १२ मिमीचा प्लाय पुस्तकांखाली झोळ देईल. १८ मिमी घ्या आणि पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी उभी लावा.

शिक्क्याचं म्हणाल तर तो छापायला कितीसा वेळ लागतो! शिक्क्याखालचा सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघा. मग कड बघा. थरांमध्ये फटी आहेत का, कडेला रंग फासून काही झाकलंय का. बोटांच्या पेरांनी ठोकत जा, पोकळ जागेचा आवाज लगेच वेगळा येतो.

अख्खा आठ बाय चारचा बोर्ड बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावतही नाही. दुकानात कटिंगची सोय असेल तर चार बाय दोनचे चार भाग करून घ्या. त्याहून स्वस्त रस्ता घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये आहे. इंटिरिअरचं काम चालू असलेल्या घरात दोन-तीन फुटांचे तुकडे उरतात आणि ते हलवायलाही कंत्राटदाराचा खर्च होतो. मिस्त्रीला आणि घरमालकाला विचारा, न विचारता उचलू नका.

पॅलेटबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईचा टीटीसी औद्योगिक पट्टा जवळ असल्याने इथे पॅलेट भरपूर. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं. त्याशेजारी ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते सोडा. शिक्काच नसलेलं किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असलेलंही सोडा. खाण्याच्या ट्रेला किंवा पोळपाटाला तर कुठलंच पॅलेट नको.

पडलेल्या झाडाचा सल्ला मात्र सरळ अडचणीत आणणारा आहे. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, तेव्हा आधी महापालिकेच्या वृक्ष विभागाला विचारावं लागतं. लाकूड मिळालं तरी ते ओलं असतं. इंचभर जाडीला ढोबळमानाने वर्षभर, खाली-वर हवा खेळेल असं रचून वाळवायचं. ते कुठे, वन बीएचकेच्या पलंगाखाली?

राहिला ऑनलाइनचा सल्ला. घरी रंधा मारायला जागाच नसेल तर तो चुकीचा नाही. तुम्ही लाकडाबरोबर रंधाकाम आणि कुरिअरचेही पैसे देता, एवढंच. ते किती, हे काढता येतं: बारा बाय सहा इंचांची इंचभर जाड फळी असेल तर किमतीला २४ ने गुणा आणि आलेला घनफुटाचा दर वखारीच्या दराशेजारी ठेवा. जाडी पाऊण इंच असेल तर ३२ ने.